‘कोपायलट चालत नाही’: एडिटर गप्प बसला तर आधी कुठे बघायचं

कोपायलट म्हणजे एडिटरमध्ये, कोड लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये, पुढच्या ओळी सुचवणारा गिटहबचा एआय सहाय्यक. ‘कोपायलट चालत नाही’ एवढा तीन शब्दांचा निरोप मला कुणाचा ना कुणाचा येतच असतो. कधी बीकेसीतल्या ऑफिसातून, कधी माटुंग्याला शिकणाऱ्या पोरांकडून, कधी डोंबिवलीत घरून काम करणाऱ्या जुन्या सहकाऱ्याकडून. पाठोपाठ ठरलेलं दुसरं वाक्य येतं, ‘काढून परत टाकला, तरी तेच.’

काढून परत टाकल्याने हा प्रश्न क्वचितच सुटतो. व्हीएस कोड या एडिटरमधून एक्स्टेन्शन (त्याला जोडलेलं पूरक सॉफ्टवेअर) काढलं तरी तुम्ही बदललेल्या सेटिंग्ज सेटिंग्जच्या फाइलमध्ये तशाच राहतात. गिटहबचं लॉगिनही त्या एक्स्टेन्शनसोबत पुसलं जात नाही, कारण ते एडिटर स्वतः वेगळं सांभाळतो. ऑफिसचा प्रॉक्सी, म्हणजे ज्याच्यातून सगळं नेट बाहेर जातं तो मधला सर्व्हर, तर एडिटरच्याही बाहेरचा. म्हणजे नवं एक्स्टेन्शन येतं आणि मुकाट्याने जुन्याच घोळात जाऊन बसतं.

नळाला पाणी आलं नाही म्हणून आपण नळ बदलायला घेत नाही. आधी शेजारी विचारतो, तुमच्याकडे येतंय का. मग गच्चीवरची टाकी, मग पंप, आणि अगदी शेवटी पालिका. कोपायलटच्या बाबतीत मात्र जो तो आधी नळच खोलून बसतो. खातं, नेटवर्क, एडिटर आणि समोर उघडलेली फाइल, यांपैकी कुठेही अडलं तरी पडद्यावर दिसतं एकच, ते म्हणजे काहीच नाही. म्हणून दुरुस्तीआधी अडलंय कुठे ते शोधायचं.

खाली मी व्हीएस कोड आणि गिटहब कोपायलट धरून लिहितोय, कारण माझ्याकडे येणारे बहुतेक जण याच जोडीने सुरुवात करतात. तुम्ही जेमिनी कोड असिस्ट किंवा दुसरं काही वापरत असाल तर मेनूंची नावं बदलतील, अडायच्या जागा साधारण याच. आणखी एक: पूर्वी कोपायलटची दोन एक्स्टेन्शनं असायची, एक राखाडी सजेशनचं आणि एक चॅटचं. २०२५ मध्ये ती एकात आणायला घेतली. त्यामुळे जुन्या व्हिडिओत दिसणारं बटण तुमच्याकडे सापडलं नाही तर आपलंच काहीतरी चुकलं असं धरून बसू नका.

आधी दोन प्रश्न

पहिला: नक्की काय चालत नाही? टाइप करताना कर्सरपुढे राखाडी अक्षरांत उमटतं ते सजेशन वेगळं आणि बाजूच्या खिडकीत आपण प्रश्न विचारतो तो चॅट वेगळा. दोघांच्या विनंत्या वेगवेगळ्या पत्त्यांवर जातात. चॅटमध्ये नुसतं ‘हॅलो’ लिहा. उत्तर आलं तर लॉगिन ठीक आहे, खातं ठीक आहे आणि नेटही आहे. मग टॅबची कळ, फाइल किंवा सेटिंग बघायची. क्वचित फायरवॉलने एक पत्ता सोडलेला असतो आणि दुसरा अडवलेला, तेही लक्षात ठेवा. चॅटही गप्प असेल तर खातं किंवा नेटवर्क.

दुसरा: कुठे चालत नाही? ऑफिसच्या वायफायवर बंद असेल तर लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटवर टाका, एडिटर पूर्ण बंद करून उघडा आणि परत बघा. पाच मिनिटांचं काम, पण अर्धे तर्क तिथेच गळतात. फक्त ही चाचणी रिकाम्या फोल्डरात, दोन ओळींच्या टाइमपास प्रोग्रामवर करा. ऑफिसचा कोड उघडा ठेवून खासगी हॉटस्पॉटवरून सहाय्यक चालवणं अनेक कंपन्यांच्या नियमांत बसत नाही, आणि नोकरी गमावण्याइतकं हे काम महत्त्वाचं नाही. कंपनीच्या लॅपटॉपला हॉटस्पॉट जोडण्याचीच बंदी असेल तर ही पायरी सोडा, थेट लॉगकडे, म्हणजे एडिटरने लिहून ठेवलेल्या नोंदींकडे, वळा. तो कुठे असतो ते पुढे येतंच.

हे दोन प्रश्न सुटले की खालच्या पट्टीत कोपायलटचा छोटासा चेहरा असतो, त्यावर क्लिक करा. या महिन्यात किती वापर झाला ते तिथे दिसतं. सगळ्या फाइलींसाठी आणि समोरच्या भाषेसाठी सजेशन चालू आहे की नाही याच्या खुणा दिसतात. आणि ‘स्नूझ’ नावाचं एक बटण असतं, ज्याने सजेशन पाच-पाच मिनिटांसाठी झोपवता येतात. चेहऱ्यावर तिरकी रेघ असेल तर सहाय्यक या फाइलपुरता तरी बंद आहे. लोक ही रेघ बघून न बघितल्यासारखं करतात. आधी ती वाचा.

‘पण मी तर लॉगिन आहे!’

हे वाक्य ऐकलं की मी विचारतो, कोणत्या खात्याने? समोरचा जरा थांबतो. बहुतेकांकडे गिटहबची दोन खाती असतात, एक कॉलेजच्या वेळी काढलेलं आणि एक ऑफिसचं. कंपनीने परवाना दिलाय ऑफिसच्या खात्याला. पण एडिटरने लॉगिनसाठी ब्राउझर उघडला तेव्हा तिथे आधीपासून बसलं होतं जुनं खासगी खातं. ‘परवानगी द्या’ आलं, आपण न वाचता हिरवं बटण दाबलं, आणि एडिटर भलत्याच खात्याने आत गेला. वर सगळं यशस्वी झाल्याचा निरोप.

डाव्या बाजूला तळाशी माणसाचं चिन्ह असतं, त्यावर क्लिक करून कोणतं नाव दिसतं ते बघा. चुकीचं असेल तर तिथूनच साइन आउट करा. मग ब्राउझरमध्ये गिटहब उघडून वरच्या कोपऱ्यातला फोटो कुणाचा आहे ते बघा, तिथूनही बाहेर पडा आणि मगच नव्याने साइन इन करा. ब्राउझरमधली पायरी चुकवली तर एडिटर पुन्हा त्याच खात्याने आत येतो. ‘सारखं चुकीचं खातं घेतं’ ही तक्रार असते ती याचमुळे. दोन्ही खाती हवीच असतील तर एक्स्टेन्शनच्या दातेरी चाकात खात्याची पसंती निवडायची सोय आहे.

कंपनीचा परवाना असला तरी तो आपोआप अंगाला चिकटत नाही. ॲडमिनने तुमच्या नावावर जागा द्यावी लागते, आणि त्याआधी संस्थेत सामील होण्याचं आमंत्रण तुम्ही स्वीकारावं लागतं. ते मेल स्पॅममध्ये आहे का बघा.

लॉगिनच्या शेवटच्या पायरीला ब्राउझर विचारतो, ‘व्हिज्युअल स्टुडिओ कोड उघडू का?’ इथे घाईत रद्द केलं, किंवा ऑफिसच्या ब्राउझरने असे दुवे बंद केलेले असले, की एडिटर वाट बघत बसतो आणि मग परत साइन इन मागतो. असं चक्र सुरू झालं तर एडिटर स्वतःच थोड्या वेळाने दुसरी पद्धत देऊ करतो. त्याला हो म्हणा. आठ अक्षरांचा कोड मिळतो, तो गिटहबच्या डिव्हाइस लॉगिनच्या पानावर टाकायचा. हे पान मोबाइलवर उघडलं तरी चालतं. ब्राउझरमधून एडिटरकडे परत उडी मारायची भानगडच यात नसते, म्हणून अडलेल्या माणसाला मी सरळ हाच रस्ता सांगतो.

लिनक्सवाल्यांचं एक खास दुखणं: मशीन रीस्टार्ट केलं की दरवेळी लॉगिन गायब. कीरिंग ओळखता आली नाही अशा अर्थाची सूचना एडिटरने दिलेली असते, आपण ती बंद करून टाकलेली असते. लॉगिन जपून ठेवायला व्हीएस कोडला सिस्टिमची कीरिंग लागते. हलक्याफुलक्या डेस्कटॉपवर ती बसवलेलीच नसते. ग्नोम कीरिंग बसवा, एकदा लॉग आउट करून आत या, प्रश्न संपतो.

आणि शेवटी कोटा. डिसेंबर २०२४ मध्ये कोपायलटची मोफत योजना आली तेव्हा तिच्यात महिन्याला २००० सजेशन आणि ५० चॅट निरोप होते. २००० हा आकडा मोठा वाटतो, पण राखाडी ओळी सतत उमटत असतात. प्रोजेक्ट सबमिशनच्या आठवड्यात पोरं तो सहज उडवतात, आणि मग ‘काल रात्रीपर्यंत चालत होतं’ असा फोन येतो. आजचे आकडे त्या चेहऱ्यावर क्लिक करूनच बघा, योजना बदलत राहतात.

ऑफिसात बंद, हॉटस्पॉटवर चालू

मुंबईतल्या नोकरदारांचा खरा घोळ हा. इथे अंदाजाने काही करू नका, लॉग वाचा. व्ह्यू मेनूतून आउटपुट उघडा आणि उजवीकडच्या यादीतून गिटहब कोपायलट निवडा. शेवटच्या आठ-दहा ओळींत कारण लिहिलेलं असतं, फक्त जरा तुसड्या भाषेत.

‘४०७’ दिसलं तर प्रॉक्सी तुमचं नाव आणि पासवर्ड मागतोय आणि एडिटर तो देत नाहीये किंवा चुकीचा देतोय. काही ऑफिसांत प्रॉक्सीच्या पत्त्यातच नाव आणि पासवर्ड घालायची पद्धत असते. तिथे दोन गोष्टी हमखास घात करतात. एक म्हणजे ऑफिसचा पासवर्ड ठरावीक काळाने बदलावा लागतो. नवा पासवर्ड विंडोजला दिला, मेलला दिला, एडिटरमधला जुनाच राहिला. ‘दर दोन-तीन महिन्यांनी आपोआप बंद पडतो’ म्हणतात त्यामागे बऱ्याचदा एवढंच असतं. दुसरी गोष्ट म्हणजे पासवर्डमधलं ‘ॲट’चं चिन्ह. पत्त्यात त्या चिन्हाचा अर्थ ‘इथे पासवर्ड संपला, पुढे सर्व्हरचं नाव’ असा होतो. त्यामुळे ज्याच्या पासवर्डच्या मध्ये ते चिन्ह आहे त्याचा उरलेला पासवर्ड सर्व्हरच्या नावात जाऊन पडतो. त्या चिन्हाऐवजी टक्क्याची खूण आणि पुढे इंग्रजी आकड्यांत ४० असं लिहावं लागतं. खरं तर पासवर्ड असा उघड्यावर लिहिणंच मला पटत नाही. आयटीवाल्यांना विचारा, विंडोजच्या लॉगिनवर प्रॉक्सी ओळख पटवतो का. बऱ्याच ठिकाणी ती सोय असते.

प्रॉक्सीचा पत्ता लिहिताना सुरुवात साध्या एचटीटीपीने करायची, शेवटी ‘एस’ लावून सुरू होणारा प्रॉक्सी कोपायलटला चालत नाही. जोडणी सुरक्षित राहावी म्हणून लोक तो ‘एस’ आपल्या मनाने घालतात.

‘सेल्फ साइन्ड सर्टिफिकेट’ किंवा ‘लोकल इश्युअर सर्टिफिकेट’ असे शब्द दिसले तर गोष्ट निराळी. सर्टिफिकेट म्हणजे समोरचा सर्व्हर खरा असल्याचं डिजिटल ओळखपत्र. अनेक कंपन्या बाहेर जाणारी सुरक्षित जोडणी मध्येच उघडून तपासतात आणि परत बंद करून पुढे पाठवतात. परत बंद करताना त्या स्वतःचं सर्टिफिकेट लावतात. ब्राउझरला ते सर्टिफिकेट ओळखीचं असतं, कारण आयटीने विंडोजमध्ये आधीच घालून ठेवलेलं असतं. म्हणून गिटहबची वेबसाइट छान उघडते आणि आपण म्हणतो, ‘नेट तर आहे!’ एडिटरच्या बाजूने मात्र तो अनोळखी माणूस. तुमच्याकडे हेच चाललंय का हे तपासायला ब्राउझरमध्ये गिटहब उघडा, पत्त्याशेजारच्या चिन्हावर क्लिक करून सर्टिफिकेट कुणी दिलंय ते वाचा. तिथे तुमच्याच कंपनीचं किंवा तिच्या सुरक्षा सॉफ्टवेअरचं नाव दिसलं तर खात्री झाली.

कोपायलट सर्टिफिकेटं सिस्टिमच्या विश्वासू यादीतून वाचतो. तेव्हा कंपनीचं मूळ सर्टिफिकेट त्या यादीत नीट बसलेलं हवं: विंडोजमध्ये ‘ट्रस्टेड रूट’च्या कप्प्यात, मॅकमध्ये कीचेनमध्ये. सर्टिफिकेट भलत्या कप्प्यात टाकलं असेल तर ते असून नसल्यासारखं. यानेही नाही जमलं तर नोडला (एक्स्टेन्शन ज्यावर चालतं त्या सॉफ्टवेअरला) जादाची सर्टिफिकेट फाइल दाखवणारं एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे सिस्टिममध्ये नावाने ठेवलेली सेटिंग, असतं, त्यात त्या फाइलचा मार्ग द्यायचा. व्हेरिएबल बदलल्यावर नुसतं ‘रीलोड विंडो’ करून भागत नाही. एडिटरच्या सगळ्या खिडक्या बंद करून तो नव्याने सुरू करावा लागतो, कारण ही व्हेरिएबलं प्रोग्राम सुरू होतानाच वाचली जातात. ‘तुम्ही सांगितलं तसं केलं, काही फरक नाही’ म्हणणाऱ्यांपैकी बरेच जण इथे चुकतात.

या टप्प्यावर कुणीतरी शहाणा सांगतो, ‘प्रॉक्सी स्ट्रिक्ट एसएसएल’ची खूण काढून टाक, लगेच चालेल. चालतं खरं. पण मग एडिटर समोर कोण आहे हे न बघता कुणाशीही बोलायला तयार होतो, आणि त्या तारेवरून तुमचा कोड जातो. पाच मिनिटं निदानापुरती काढलीत तर एक वेळ समजू शकतो. कायमची काढून ठेवू नका, आणि दुसऱ्याला तर मुळीच सांगू नका.

‘४०३’ (म्हणजे मनाई) किंवा सरळ अडवलेलं पान आलं तर बिघाड शोधायच्या आधी विचार करा, मुद्दाम तर बंद केलं नाही ना? कोपायलटच्या वैयक्तिक, बिझनेस आणि एंटरप्राइज योजनांची वाहतूक वेगवेगळ्या पत्त्यांवरून नेता येते. त्यामुळे कंपनीला कर्मचाऱ्यांचा खासगी परवाना अडवून फक्त स्वतःचा चालू ठेवता येतो. स्वतःच्या खिशातून पैसे भरलेल्या माणसाचा कोपायलट घरी पळतो आणि ऑफिसात ढिम्म हलत नाही, त्यामागे हे असू शकतं. हा बिघाड नाही, धोरण आहे. मॅनेजरशी बोला, सेटिंग्जशी झगडू नका.

आता उलटा प्रकार. जुलैत पाऊस कोसळतो, रुळांवर पाणी, ‘आज घरून काम करा’ असा मेल येतो. आदल्या दिवशी ऑफिसात मस्त चाललेला कोपायलट घरच्या वायफायवर गप्प. लॉगमध्ये ‘ई’ने सुरू होणारे जोडशब्द दिसतात, ईनॉटफाउंड किंवा ईटाइम्डआउट. पहिला म्हणतो त्या नावाचा सर्व्हर सापडला नाही, दुसरा म्हणतो वाट बघून कंटाळलो. ऑफिसात चालावं म्हणून एडिटरच्या सेटिंगमध्ये प्रॉक्सीचा पत्ता हाताने लिहिलेला असतो, आणि घरून तो पत्ता दिसतच नाही. व्हीपीएन लावला की चालतं, काढला की बंद, असं असेल तर हेच. सेटिंग्जमध्ये ‘प्रॉक्सी’ शोधा, ती ओळ रिकामी करा आणि सिस्टिमचा प्रॉक्सी वापरू द्या. तो जागेनुसार आपोआप बदलतो, निदान आयटीने नीट लावला असेल तर. मग एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलांतही तोच पत्ता लपलाय का ते बघा. एका जागचा काढला आणि दुसऱ्या जागचा राहिला की दोन दिवस डोकं फिरतं.

सार्वजनिक वायफायची गोष्ट थोडक्यात. रेलटेल आणि गूगलने मिळून स्टेशनांवर मोफत वायफाय द्यायला सुरुवात केली ती जानेवारी २०१६ मध्ये, आणि पहिलं स्टेशन होतं मुंबई सेंट्रल. अशा वायफायवर, किंवा कॅफेतल्या, आधी एका पानावर मोबाइल नंबर आणि ओटीपी द्यावा लागतो. मोफतची मुदत संपली की तेच पान परत पुढे येतं. ब्राउझर ते पान दाखवतो, एडिटर दाखवू शकत नाही, तो नुसता मुका होतो. ब्राउझरमध्ये कुठलीही साइट उघडा, पान येईल.

लोकलमध्ये हॉटस्पॉटवर बसून काम करणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं. तुम्ही पुढचं अक्षर टाइप केलंत की आधीची विनंती सोडून दिली जाते आणि नवी जाते. नेट मंद असेल आणि तुम्ही भराभर टाइप करत राहिलात तर एकही उत्तर वेळेत पोचत नाही. हात उचला, दोन सेकंद थांबा. नवशिक्यांना हे कुणी सांगतच नाही. त्यांना वाटतं, आपण लिहीत राहायचं आणि ते पाठोपाठ येईल.

टॅब दाबला, पण सजेशन बसत नाही

राखाडी ओळ दिसते, टॅब दाबल्यावर कर्सर भलत्याच बटणावर उडतो. कॉलेजच्या एका मुलीने मला पडदा शेअर करून हे दाखवलं. ‘दादा, कीबोर्ड खराब झालाय बहुतेक,’ असं तिचं म्हणणं. खालच्या पट्टीत बारीक अक्षरांत लिहिलं होतं, ‘टॅब मूव्ह्ज फोकस’. विंडोजवर कंट्रोल आणि एम एकत्र दाबलं की टॅबचं काम बदलतं. मग तो मोकळी जागा सोडत नाही, सजेशन घेत नाही, नुसता एका भागातून दुसऱ्या भागात जातो. पडदा न बघता कीबोर्डवर काम करणाऱ्यांसाठी ही फार उपयोगी सोय आहे. पण नवी फाइल उघडायला कंट्रोल आणि एन दाबताना बोट शेजारच्या एमवर पडलं की आपल्याला पत्ताही लागत नाही. तीच जोडी परत दाबा, किंवा त्या अक्षरांवर क्लिक करा. मॅकवर यात शिफ्टही लागतो.

दुसरं कारण म्हणजे सजेशनची राखाडी ओळ आणि एडिटरची स्वतःची खाली उघडणारी यादी एकाच वेळी दिसते. तेव्हा टॅब यादीतला शब्द उचलतो. एस्केपने यादी घालवा, मग टॅब. संपूर्ण ओळ नको, एकच शब्द हवा असेल तर कंट्रोल आणि उजवा बाण. हे शिकून घ्या, अर्धी चुकीची सजेशनं तिथेच गळतात.

तिसरं, दोन सहाय्यक एकाच एडिटरात. कुणीतरी टॅबनाइन सुचवलेलं असतं, कुणी आणखी काही, आपण सगळीच टाकून ठेवतो आणि सगळी एकाच कळीवर हक्क सांगतात. एक ठेवा. कोण भांडतंय ते कळत नसेल तर कंट्रोल-शिफ्ट-पी दाबून ‘एक्स्टेन्शन बायसेक्ट’ चालवा. एडिटर अर्धी एक्स्टेन्शनं बंद करून विचारतो, अजून होतंय का? मग उरलेल्यांतली अर्धी. तीस एक्स्टेन्शनं असली तरी पाच-सहा उत्तरांत गुन्हेगार हाती लागतो. व्हीएस कोडमधली ही माझ्या मते सर्वांत कमी वापरली जाणारी चांगली सोय.

याच फाइलमध्ये का नाही?

नवी फाइल उघडली, अजून सेव्ह केली नाही, तर एडिटर तिला साधा मजकूर समजतो. आणि साध्या मजकुरासाठी सजेशन मुळातच बंद ठेवलेली असतात. फाइलला नाव द्या, पायथन असेल तर तसं शेपूट लावा, बस्स. सुरुवात करणाऱ्यांच्या तक्रारींत हे कारण इतक्यांदा निघतं की फोनवर मी आता पहिल्यांदा हेच विचारतो.

व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेली झिप फाइल उघडून तिच्यातलं फोल्डर एडिटरात टाकलं की तो विचारतो, या फोल्डरच्या लेखकावर तुमचा विश्वास आहे का? ‘नाही’ म्हटलं की ‘रिस्ट्रिक्टेड मोड’ लागतो आणि बरीच एक्स्टेन्शनं बंद होतात, सहाय्यकही. वरची पट्टी वाचा. पण सरळ ‘हो’ दाबायच्या आधी फोल्डर कुणाचं आहे ते आठवा, कारण विश्वास दिला की त्यातला कोड आपल्या मशीनवर चालायची वाट मोकळी होते.

ऑफिसच्या प्रोजेक्टमध्ये काहीच फाइलींवर गप्प आणि बाकी ठीक असेल तर ॲडमिनने त्या फाइली वगळलेल्या असू शकतात. चेहऱ्यावरची तिरकी रेघ तिथेही दिसते. पासवर्ड, पेमेंट, ग्राहकांची माहिती असलेली फोल्डरं अशी वगळणं योग्यच आहे.

विद्यार्थ्यांना एक गंमत माहीत नसते. गिटहबच्या सेटिंग्जमध्ये, सार्वजनिक कोडशी जुळणारी सजेशनं दाखवायची की अडवायची, असा पर्याय आहे. अडवलं असेल तर साधारण १५० अक्षरांच्या आसपासचा मजकूर सार्वजनिक कोडशी जुळला की ते सजेशन गाळलं जातं. आता जर्नलमध्ये लिहायचे प्रोग्राम ते कोणते? बबल सॉर्ट, लिंक्ड लिस्ट, टॉवर ऑफ हॅनॉय. जगभरातल्या पोरांनी लाखो वेळा लिहिलेले. सहाय्यक नेमका तिथेच घुटमळतो आणि स्वतःच्या विचित्र प्रोजेक्टमध्ये सुरळीत चालतो. त्यात सहाय्यकाची चूक नाही. जर्नलचे प्रोग्राम हाताने लिहिलेले बरे, असं माझं मत आहे, पण ते वेगळं.

जुनं मशीन

लॅमिंग्टन रोडवरून सेकंडहँड लॅपटॉप आणला असेल तर आधी दोन गोष्टी बघा. विंडोज ७ असेल तर व्हीएस कोडची त्यावर चालणारी शेवटची आवृत्ती १.७०.३, म्हणजे २०२२ च्या आसपासची. आजची चॅटची एक्स्टेन्शनं तिच्यावर बसत नाहीत, कितीही प्रयत्न करा. मशीनला झेपलं तर नवं विंडोज, नाही तर लिनक्स टाका.

दुसरं, घड्याळ. मदरबोर्डवरची छोटी बॅटरी संपलेली असली की लॅपटॉप बंद करून चालू केल्यावर तारीख कुठल्या कुठे जाते. सर्टिफिकेटं तारखेवर चालतात, त्यामुळे प्रत्येक सुरक्षित जोडणी नाकारली जाते आणि लॉगमध्ये ‘सर्टिफिकेट अजून वैध नाही’ अशा अर्थाची ओळ येते. तारीख आपोआप घ्यायला लावा आणि बॅटरी बदला.

आयटीला काय लिहायचं

‘कोपायलट चालत नाही, कृपया बघावे’ असं लिहिलंत तर उत्तर येईल, ‘रीइन्स्टॉल करून बघा’. आणि आपण परत नळापाशी. त्याऐवजी असं काहीतरी लिहा:

‘ऑफिसच्या वायफायवर कोपायलटचे चॅट आणि सजेशन दोन्ही बंद आहेत. मोबाइल हॉटस्पॉटवर, रिकाम्या फोल्डरात, दोन्ही चालतात. खाते कंपनीचेच आहे, परवाना दिलेला आहे. लॉगमध्ये सर्टिफिकेट ओळखत नसल्याची ओळ येते, सोबत जोडली आहे. ब्राउझरमध्ये गिटहबचे सर्टिफिकेट आपल्या कंपनीच्या नावाने दिसते. कंपनीचे मूळ सर्टिफिकेट माझ्या मशीनवर बसवून द्यावे, किंवा कोपायलटचे पत्ते तपासणीतून वगळता येतील का ते कळवावे.’

एवढं लिहिलंत तर समोरच्याला अंदाज बांधावा लागत नाही, आणि तिकीट या टेबलावरून त्या टेबलावर फिरत नाही. लॉगसोबत निदानाचा अहवालही जोडा. कंट्रोल-शिफ्ट-पी दाबून कोपायलटच्या नावाखाली ‘कलेक्ट डायग्नॉस्टिक्स’ शोधलं की तो तयार होतो, आणि कोणत्या पत्त्यापर्यंत पोचता आलं, कोणत्या नाही, हे त्यात लिहिलेलं असतं.

पाठवण्याआधी तो एकदा स्वतः वाचा. त्यात खात्याचं नाव, मशीनवरचे फोल्डरांचे मार्ग आणि प्रॉक्सीचा पत्ता असू शकतो, आणि कुणी पत्त्यातच पासवर्ड लिहिला असेल तर तोही. तेवढा खोडा आणि अहवाल तिकिटालाच जोडा, मित्रांच्या ग्रुपवर टाकू नका.